दहा लिटरचा संगणक

दूध लिटरने मोजतात, पेट्रोल लिटरने मोजतात आणि संगणकही लिटरने मोजतात. यातला शेवटचा भाग घरात मोठ्याने बोलून दाखवला तेव्हा बायकोने नुसतं 'बरं' म्हटलं. तिच्या 'बरं'चे पुष्कळ प्रकार आहेत. हा 'पुढचं भाच्याशी बोला' या प्रकारातला होता.

पण मोजतात हे खरं आहे. छोट्या डेस्कटॉपचं वेड लागलेल्या लोकांचा जगभर पसरलेला एक पंथ आहे आणि कॅबिनेट किती लिटरचं, यावरून त्यात माणसाची पायरी ठरते. टेबलाखाली उभा असतो तो नेहमीचा डबा चाळीस-पन्नास लिटरचा भरतो. त्याच्या मालकाला पंथात कुणी विचारत नाही. वीस लिटरच्या आत आलात तर दारात उभं राहू देतात. दहाच्या आत गेलात की पाट मांडतात. फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीचं 'टेरा' नावाचं फार देखणं कॅबिनेट आहे, समोर अक्रोडाच्या लाकडाची पट्टी बसवलेलं. ते भरतं १०.४ लिटर. वरच्या त्या चारशे मिलिलिटरपायी 'छान आहे हो, पण...' असं म्हणून थांबणारे लोक या जगात आहेत. 'डॅन ए-४' नावाचं एक आहे, ते ७.२ लिटरचं. ते वापरणाऱ्यांपुढे बाकीचे जरा आवाज उतरवूनच बोलतात.

हे लिटर मोजायचे कसे, यावरही एकमत नाही. कॅबिनेटला खाली रबराचे पाय असतात, मागे स्क्रूची डोकी बाहेर येतात, वर कधी कडी असते. ही धरायची की सोडायची? कुणी पायांसकट आकडा सांगतो, कुणी पाय वगळून. डोंबिवलीत वन बीएचके घेतलेल्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप या तीन आकड्यांतून वाट काढतच आम्ही आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलो आहोत. कॅबिनेटवाल्यांनी जिन्याचा आणि पाण्याच्या टाकीचा हिस्सा अजून धरलेला नाही, एवढंच.

एकदा हे माप हाताला लागलं की दिसेल ते मोजावंसं वाटतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत बांधलेला टिफ्रॅक हा आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या संगणकांपैकी एक. १९६० मध्ये तो पूर्णपणे कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं बारसं केलं. त्याचा मुख्य भाग १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसवलेला होता. म्हणजे ३६० घनफूट. लिटरमध्ये साधारण दहा हजार दोनशे. पाण्याचा एक टँकर. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने दहा किलोबाइट. तुम्ही वाचताय तो लेख त्यात मावला नसता. तरी त्या काळच्या शास्त्रज्ञांनी त्यावर खरी गणितं सोडवली.

मला हवा होता त्याच्या हजाराव्या हिश्शाचा, आणि गणितं सोडवायची नव्हती. माझं काम मुद्रितं तपासायचं. त्याशिवाय अधूनमधून एखादा लेख लिहायचा, जुलैत प्राप्तिकराचं विवरण भरायचं, रात्री जेवणानंतर जुनी नाट्यगीतं ऐकायची. याला काय लागतं? प्रामाणिक उत्तर : फारसं काही नाही. खरेदीतली सगळी मजा हे उत्तर लांबणीवर टाकण्यात असते.

"तयार मिळतात ना छोटे?" बायकोने विचारलं. मिळतात. इंटेलने २०१२ च्या सुमाराला तळहातावर मावणारे 'नक' आणले, दहाएक वर्षं विकले आणि २०२३ मध्ये अंग काढून घेऊन तो संसार असुसच्या हवाली केला. ॲपलचा मॅक मिनी २००५ पासून आहे. २०२४ मध्ये त्याचा जो नवा अवतार आला तो १२.७ सेंटिमीटर चौरस आणि ५ सेंटिमीटर उंच आहे. गुणाकार करून पाहिला, ०.८ लिटर! पंथातल्या तपस्व्यांनी सगळं सोडून हिमालयात जावं असा हा आकडा. चालू करायचं बटण त्यांनी तळाला दिलंय. म्हणजे रोज सकाळी त्याला थोडं उचलून खालून बोट घालायचं. तेही चाललं असतं. माझी अडचण निराळी होती. तयार घेतला तर निवडायचं काय? रंगसुद्धा एकच. शिवाय त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही. दुकानातच आपल्या म्हातारपणाचा अंदाज बांधून ती घ्यायची, आणि आपला अंदाज चुकला तर तो आयुष्यभर टेबलावर बसून आपल्याकडे बघणार.

'असू दे, लागेल कधीतरी' या चार शब्दांवर आमच्यासारखी घरं उभी आहेत. आमचा माळा याच चार शब्दांनी भरलेला आहे : मिक्सरचं खोकं, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, पाहुणे आले तर म्हणून ठेवलेली गादी. मोठ्या कॅबिनेटचा संगणक या स्वभावाला मानवतो. त्यात चार हार्डडिस्कचे खण, दोन जादा पंख्यांची जागा, न वापरलेल्या पट्ट्या, सगळं कधीतरीसाठी. जुना संगणक रिकामा केला तेव्हा त्यात एक सीडी ड्राइव्ह सापडला. त्याची वायर केव्हाच काढलेली होती, पण ड्राइव्ह जागचा हलला नव्हता. दहा लिटरच्या डब्यात हे खपत नाही. तिथे प्रत्येक वस्तू दाराशीच विचारली जाते : तू आज कशाला लागतेस?

हा प्रश्न मला माणसांच्या बाबतीत विचारता येत नाही, वस्तूंच्या बाबतीतही नाही. म्हणून भाच्याला बोलावलं.

"मामा, आधी बोर्ड ठरव," तो म्हणाला. "बाकी सगळं त्याच्यावर."

बोर्ड म्हणजे मदरबोर्ड. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवलं, साडेतीस बाय साडेचोवीस सेंटिमीटरच्या आसपास, आणि मोठे डबे अजून त्याच मापावर बेतलेले असतात. छोट्यांचं माप मिनी-आयटीएक्स. ते २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने आणलं : १७ सेंटिमीटर लांब, १७ सेंटिमीटर रुंद. मूळ कल्पना कमी विजेवर चालणाऱ्या साध्यासुध्या यंत्रांची होती. हौशी लोकांनी मात्र ते बोर्ड जुन्या रेडिओत बसवले, टोस्टरमध्ये बसवले. त्यांना काय सिद्ध करायचं होतं ते कळत नाही, पण आनंद कळतो. व्हियाचं नाव आता ग्राहकांच्या कानावर येत नाही. १७ सेंटिमीटर मात्र राहिले.

या चौकोनात रॅमचे खण दोनच आणि कार्ड लावायची फट एकच. मोठ्या बोर्डावर खण चार, फटी तीन-चार, आणि किंमत कमी. हे मला दोनदा वाचावं लागलं. तेवढीच मंडळी लहान पाटीवर बसवायची तर आतल्या तांब्याच्या रेघांना वाट करून द्यायला पाटीचे थर वाढवावे लागतात, आणि असे बोर्ड विकले जातात थोडे, म्हणून बनतातही थोडे. मी हे बायकोला नीट सांगितलं.

"म्हणजे जागा कमी आणि दर जास्त," ती म्हणाली. "दादर आहे ते. आपण पस्तीस वर्षांपूर्वी डोंबिवलीला का आलो?"

प्रोसेसरचं प्रकरण आकड्यांपेक्षा त्यापुढच्या अक्षरांत जास्त आहे. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखवायची सोय नसते. ग्राफिक कार्ड वेगळं घ्यायचं. 'एफ'वाला थोडा स्वस्त असतो आणि दुकानदार तो उदार मनाने पुढे करतो. कार्ड न घेणारा माणूस तो घरी आणतो, सगळं जोडतो, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. एएमडीकडे उलट, 'जी' असेल तर आत बऱ्यापैकी ग्राफिक असतं. भाच्याने रायझन ५ ८६००जी सुचवला : सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट. एक कोअर मुद्रितांना, एक नाट्यगीतांना, एक विषाणूंवर नजर ठेवायला. उरलेले तीन काय करणार, असं मी विचारलं.

"बसतील. लागले तर उठतील."

सरकारी कचेरीची रचना मला ओळखीची आहे. मी होकार दिला.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग उष्णता आली, आणि छोट्या डब्याचा खरा जीव तिथेच अडकलेला असतो. ६५ वॅटचा प्रोसेसर जी वीज खातो ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. त्याने लेख तपासला काय किंवा पत्ते खेळला काय, खोलीच्या दृष्टीने तो हीटर. मोठ्या डब्यात त्याच्या डोक्यावर पंधरा-सोळा सेंटिमीटर उंचीचा कूलर ऐटीत उभा राहतो. छोट्या डब्यात तेवढ्या उंचीचं छतच नाही. मग निवड मिलिमीटरमध्ये सुरू होते. कॅबिनेटच्या कागदावर लिहिलेलं असतं : कूलर कमाल अमुक मिलिमीटर. त्याहून एक मिलिमीटर जास्त झाला तर झाकण लागत नाही, आणि या कामात 'थोडं दाबून बसवू' चालत नाही.

ऑस्ट्रियात नॉक्टुआ नावाची कंपनी आहे. पंख्याच्या आवाजाविषयी इतका बारीक विचार करणारी माणसं दुसरीकडे कुठे नसावीत. त्यांचा एनएच-एल९ए हा कूलर पंखा धरून ३७ मिलिमीटर उंच आहे. त्यांचे नेहमीचे पंखे तपकिरी आणि फिकट बदामी अशा दोन रंगांत येतात. पंथातले लोक या रंगांवर वर्षानुवर्षं विनोद करतात आणि तेच पंखे विकत घेतात. मला ते आवडले. आमच्या सोसायटीने मागच्या खेपेला बाहेरून हेच दोन रंग काढलेत.

पण बुटक्या कूलरची एक गोम आहे. पंखा लहान असला की मोठ्याइतकीच हवा ढकलायला त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि जास्त फिरला की तो रडतो. टेबलाखालचा डबा कितीही घरघरला तरी ते पायांना ऐकू येतं. छोटा डबा टेबलावर, कानापासून हातभर अंतरावर. दीनानाथांच्या तानेमागे हा सूर लावून बसला तर काय, हा विचार मी खूप केला. भाचा म्हणाला, "तू मुद्रितं तपासतोस मामा. प्रोसेसरला कळणारसुद्धा नाही की तो चालू आहे."

याशिवाय परदेशातली परीक्षणं. ती वाचताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. ते लोक वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून यंत्र तापवतात. कूलर कितीही नामांकित असला तरी त्याच्यातून खोलीतलीच हवा जाते. खोलीपेक्षा थंड तो प्रोसेसरला करू शकत नाही. तेव्हा डोंबिवलीत मे महिन्याच्या दुपारी त्यांच्या प्रत्येक आकड्यात बारा-चौदा अंश मनातल्या मनात मिळवायचे. नागपूरला साडू राहतात, त्यांनी वीस-पंचवीस मिळवायचे. त्यांना मी फोनवर कौतुकाने सांगितलं की, कूलर निवडतोय. "ताटी खसाचीच घ्या," ते म्हणाले, "आणि पंप वेगळा मागून घ्या, कंपनीचा टिकत नाही." त्यांचा सल्ला त्यांच्या जागी अगदी बरोबर होता. मी आभार मानून फोन ठेवला.

नंतर धूळ. आमच्या भागात जुन्या इमारती पाडून नव्या बांधायचं काम सगळ्यांनी मिळून एकाच वेळी काढलं आहे. कॅबिनेटची जाळी बारीक असेल तर धूळ अडते, पण हवाही अडते. मोठी असेल तर हवा मोकळी येते आणि सोबत शेजारची बिल्डिंग आत येते. मोठ्या डब्यात बोटभर धूळ जमली तरी पंखे तिच्या वरून फिरत राहतात. दहा लिटरमध्ये कूलरच्या पात्यांमध्ये आणि झाकणामध्ये बोटभर अंतरच नसतं. यावर उपाय एकच, दर महिना-दोन महिन्यांनी उघडून साफ करणं, आणि तो प्रत्येक पुरुषाने खरेदीपूर्वी मान्य केलेला असतो.

पालीचा प्रश्न मात्र मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळाला नाही. कॅबिनेटच्या जाळीची भोकं पालीच्या पिल्लाला पुरतील का? आत उबदार, अंधारं आणि निवांत. मी पाल असतो तर मीही तिथेच राहिलो असतो. स्वीडनमध्ये बसून जाळीची नक्षी काढणाऱ्या माणसाला हे सुचणं शक्य नाही. भाच्याला विचारलं तर तो हसला. त्याच्या मामीला विचारलं तर ती हसली नाही, तिने भोकांचा व्यास विचारला.

पॉवर सप्लाय, म्हणजे बाजाराच्या भाषेत एसएमपीएस, छोट्यांसाठी एसएफएक्स मापात येतो : साडेबारा बाय दहा बाय सव्वासहा सेंटिमीटर, जाड शब्दकोशाएवढा. माझं सगळं सामान मिळून दीडशे वॅटच्या आत भागणारं. पण या मापात चांगल्या कंपनीचा बघायला गेलं तर साडेचारशेपासून सुरुवात. वर त्याला '८० प्लस गोल्ड' अशी पदवी असावी असा भाच्याचा आग्रह. याचा अर्थ निम्म्या भारावर तो सुमारे नव्वद टक्के वीज संगणकाला पोचवतो, उरलेली स्वतःच्या अंगावर तापून घालवतो. 'गोल्ड' ऐकून बायको आतून बाहेर आली आणि तपशील कळल्यावर परत गेली. आणि एवढं लहान यंत्र निवडून झालं की त्याच्या शेजारी यूपीएस ठेवावा लागतो, कारण आमच्याकडे मंगळवारी वीज जाते आणि इतर वारी न सांगता जाते. शिशाच्या बॅटरीची ती पेटी दोन्ही हातांनी उचलावी लागते. तिचे लिटर मात्र पंथात कुणी मोजत नाही.

एसएसडीविषयी सांगण्यासारखं काही नाही. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, म्हणून त्या मापाला २२८० म्हणतात. च्युइंगमच्या पट्टीएवढी चीज बोर्डावर आडवी झोपते आणि एका स्क्रूत भागते. सगळं जग इतकं समजूतदार असतं तर हा लेख झाला नसता.

रॅमवर मात्र घरात दोन पक्ष पडले. २०२५ संपता संपता रॅमचे भाव कुणाच्याही कल्पनेबाहेर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी डेटा सेंटरं उभी राहताहेत त्यांना मेमरीच्या चिप लागतात, किमतीची घासाघीस न करता लागतात, आणि कारखाने साहजिकच तिकडे वळले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांचा 'क्रुशिअल' हा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आता दुकानदार रॅमचा भाव सांगताना आधी 'आजचा' म्हणतो. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या यंत्राला कविता करता यावी म्हणून डोंबिवलीतल्या मुद्रितशोधकाने रॅम महाग घ्यायची, हा न्याय मला अजून नीट पचलेला नाही. विशेषतः त्या कवितांची मुद्रितं उद्या माझ्याकडेच येणार असताना.

तेव्हा ३२ जीबीचा विचार सोडून १६वर आलो. आता सोळाची एक पट्टी घ्यायची की आठच्या दोन? एक घेतली तर दुसरा खण रिकामा राहतो. भाव उतरले की तिथे आणखी सोळा टाकता येतील. दोन घेतल्या तर दोन्ही वाटांनी माहिती धावते, आणि ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक आतच आहे त्याला या दोन वाटांचा खरोखर फायदा होतो. पण मग खण भरले. पुढे वाढवायचं झालं तर दोन्ही पट्ट्या काढून टाकाव्या लागणार. आजचा वेग की उद्याची जागा? माझा सगळा पिंड एका पट्टीच्या बाजूने होता. रिकामा खण म्हणजे भविष्य! भाचा दोन पट्ट्यांच्या बाजूने.

"मामा, जुन्या संगणकात दोन खण रिकामे होते. किती वर्षं?"

"तो विकत घेतला तेव्हापासून."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नव्हतं. आठच्या दोन ठरल्या. फक्त दिवे नसलेल्या मिळतात का, एवढं मी बघायला सांगितलं. हल्ली रॅमच्या पट्टीवरसुद्धा रंगीत दिव्यांची झालर असते. साधी पट्टी जेमतेम ३१ मिलिमीटर उंच. झालरीसकट ती चाळीसच्या वर जाते आणि बुटक्या कूलरला कोपर मारते. शिवाय ज्या वस्तूकडे झाकण लावल्यावर कुणी पाहणार नाही तिने एवढं नटावं कशासाठी? भाचा म्हणाला, म्हणून तर काचेचं झाकण मिळतं. या मुद्द्यावर आमच्या दोन पिढ्यांत संवाद होऊ शकत नाही.

ग्राफिक कार्डाचा विषय मी काढलाच नव्हता. भाच्याने काढला, आणि तो स्वतःसाठी काढला हे उघड होतं, कारण दिवाळीत तो आठवडाभर आमच्याकडे असतो. हल्लीची दांडगी कार्डं तीस सेंटिमीटरच्या पुढे लांब, तीन फटींची जागा अडवणारी आणि वजनाला दोन किलोच्या घरात असतात. मोठ्या डब्यात आडवं लावलेलं कार्ड स्वतःच्या वजनाने वाकू नये म्हणून खालून लावायचे टेकू बाजारात वेगळे विकत मिळतात. मूळ मदरबोर्डपेक्षा लांब, प्रोसेसरपेक्षा महाग आणि वर टेकू लागणारी ही वस्तू संगणकाचा सुटा भाग कशी, संगणकच तिचा सुटा भाग दिसतो. मी स्पष्ट नाही म्हटलं. मुद्रितातला ऱ्हस्व-दीर्घ ओळखायला किरणांचे खेळ लागत नाहीत.

पण कॅबिनेट निवडताना काय झालं, ते सांगतो. कार्ड नको असेल तर चार-पाच लिटरमध्येही सगळं बसतं. तशी कॅबिनेट मिळतात आणि पंथात त्यांना मान जास्त. मी ती पाहिली, बाजूला ठेवली आणि दहा लिटरच्या, कार्डाला भरपूर जागा असलेल्या एका कॅबिनेटवर बोट ठेवलं. भाच्याने माझ्याकडे पाहिलं.

"कार्ड घ्यायचं नाही ना?"

"नाही. पण असू दे."

रॅमच्या वेळी त्याने जी बाजू घेतली होती ती आता सोडून दिली, कारण दिवाळी. बायकोने कागदावरची आकृती हातात घेऊन पाहिली. मधल्या मोकळ्या भागावर बोट ठेवून तिने विचारलं, "इथे काय ठेवायचं?" मी म्हटलं, काही नाही, ती जागा मोकळी राहील, हवा खेळेल. घरात मोकळी जागा असू शकते ही गोष्ट तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकली असावी. "दहा लिटरमधली पाच रिकामी," ती म्हणाली, "आणि माळ्यावर गादी ठेवायला जागा नाही."

सगळं ऑनलाइन मागवता येतं, काही गोष्टी थोड्या स्वस्तही पडतात. पण यादी हातात घेऊन लॅमिंग्टन रोडला गेल्याशिवाय आमच्या पिढीला संगणक घेतल्यासारखं वाटत नाही. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव त्या रस्त्याला होतं. आता अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्या नावाने पत्ता विचारला तर रॅमऐवजी सभ्य, गोंधळलेले चेहरे मिळतात. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. रस्त्यावर नेहमीची गर्दी, पाट्यांवर पाट्या, आणि दर चार पावलांवर 'काय पाहिजे, लॅपटॉप, सीसीटीव्ही?' म्हणून अडवणारी मुलं. यादी खिशात होती, पण या रस्त्यावर आधी तीन दुकानांत भाव विचारून चौथ्यात घ्यायचं असतं. भाच्याने रस्त्यातच फोनवर चार ठिकाणचे भाव काढून हा रिवाज मोडला. त्याच्या पिढीने पुष्कळ चांगल्या गोष्टी घालवल्या.

शेवटी एका दुकानात काउंटरमागच्या मुलाने यादी घेतली. वरून खाली वाचली, मग खालून वर.

"काका, मिनी-आयटीएक्स बोर्ड मागवावा लागेल. गोदामात मोठे आहेत. स्वस्त पण पडतील."

"नको, हाच."

"कॅबिनेट पण मागवावं लागेल. दोन-तीन दिवस. कूलर आहे, पण त्याचा रंग..." त्याने खोका उघडून तपकिरी पंखा दाखवला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. रंग मला चालतोय हे बघून त्याने खोका हळूच बंद केला. "गेमिंग करता का?"

"नाही."

"व्हिडिओ एडिटिंग?"

"नाही. मुद्रितं तपासतो."

मुद्रितं म्हणजे काय ते त्याने विचारलं नाही. काहीतरी वजनदार सॉफ्टवेअर असावं असा त्याचा समज झाला आणि मी तो राहू दिला. त्याने कॅल्क्युलेटर घेतला, रॅमचा आजचा भाव आतल्या शेठना ओरडून विचारला, त्यावर १८ टक्के जीएसटी चढवला आणि आकडा आमच्याकडे वळवला. भाच्याने 'केबल तरी सोबत द्या' म्हणून शंभर रुपयांची एक लढाई जिंकली.

बिल करता करता त्या मुलाला राहवलं नाही. "काका, एवढ्या पैशांत केवढा मोठा आला असता," तो कळवळून म्हणाला. "पुढून काच, तीन पंखे, सगळे रंगीत." मागे फळीवर तसा एक उभा होता. त्याने हात लांबवून बटण दाबलं. पंखे जांभळे झाले, मग हिरवे, मग लाल. माझ्या शेजारी प्रिंटरच्या शाईसाठी थांबलेल्या गृहस्थांनी लगेच त्याचा भाव विचारला.